हॉलंडचे पंचांग

परदेशी निघालेला प्रवासी नकाशा घेतो, तेथील चलनाची चौकशी करतो, थंडीवाऱ्याची माहिती काढतो. त्या देशाचे पंचांग मात्र तो सहसा पाहत नाही. मग एखाद्या सोमवारी बँका आणि कचेऱ्या बंद आढळल्या म्हणजे तो चकित होतो. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सारे गाव स्तब्ध उभे असताना तो एकटाच हसत बोलत रस्त्याने चाललेला असतो. नेदरलँड्समध्ये हा दुसरा प्रसंग ओढवू शकतो. (हॉलंड हे त्या देशाचे रूढ नाव, वस्तुतः ते त्यातील दोन प्रांतांचे नाव आहे.)

या देशाच्या सणांचा मोठा भाग चंद्रावर चालतो, हे ऐकून तिथी पाहणाऱ्या श्रोत्यांना काहीसा आपलेपणा वाटेल. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार हा ईस्टरचा. ईस्टरपासून मोजून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुटी असते आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट येतो. ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि नाताळ या तिन्ही सणांना दोन-दोन दिवस दिलेले आहेत. आज निम्म्याहून अधिक डच लोक आपण कोणत्याही धर्मपंथाचे नाही असे सांगतात. तरी सुट्या अजून चर्चच्या गणनेप्रमाणेच मिळतात.

ईस्टरच्या सुमारे सात आठवडे आधी कार्निव्हल येतो. तो पाहावयाचा तर ऱ्हाइन आणि मास या नद्यांच्या दक्षिणेस गेले पाहिजे. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाविरुद्ध बंड होऊन उत्तरेत प्रॉटेस्टंट पंथ प्रबळ झाला. ब्राबांट आणि लिंबुर्ग हे दक्षिणेकडील भाग कॅथलिक राहिले. उपवासाच्या चाळीस दिवसांपूर्वी पोटभर खाऊन, सोंगे घेऊन नाचण्याची जुनी रीत तेथेच टिकली. डेन बॉस या शहराचे नाव त्या दिवसांपुरते बदलून ‘ऊटेलडोंक’ होते आणि नगराध्यक्ष गावाची सूत्रे कार्निव्हलच्या राजपुत्राच्या हाती देतो. त्याच दिवशी ॲम्स्टरडॅमचे लोक मात्र नेहमीप्रमाणे कामावर जातात.

वसंत ऋतूत प्रवाशांचा लोंढा लिस्से गावाकडे वळतो. मार्चच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत तेथील क्यूकेनहॉफ उद्यानात लक्षावधी ट्यूलिप फुलतात. पाठोपाठ २७ एप्रिल हा राजा विलेम-अलेक्झांडर याच्या वाढदिवसाचा उत्सव येतो. ती तारीख रविवारी आली तर तो आदल्या दिवशी साजरा होतो. लोक राजघराण्याचा नारिंगी रंग अंगावर मिरवतात आणि त्या दिवशी कोणीही परवान्यावाचून रस्त्यावर विक्री करू शकतो. लहान मुले फुटपाथवर घोंगडी पसरून आपली जुनी खेळणी विकावयास बसतात. मुळात हा सण राणी विल्हेल्मिना हिच्या जन्मदिवशी, ३१ ऑगस्टला होत असे. १९४९ पासून तो ३० एप्रिलला आला आणि २०१४ पासून आजच्या तारखेला स्थिरावला.

बहुतेक प्रवासी एवढे पाहून परततात. परंतु या राष्ट्राचे अंतरंग त्यानंतरच्या आठवड्यात दिसते. ४ मे रोजी, रात्री आठ वाजता, ॲम्स्टरडॅमच्या डाम चौकात राजा आणि राणी स्मारकाला पुष्पचक्र वाहतात आणि देशभर दोन मिनिटे शांतता पाळली जाते. ट्रॅम थांबतात, आगगाड्या थांबतात, उपाहारगृहात घास हातातच राहतो. दुसऱ्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या युद्धांतील व शांतिमोहिमांतील मृतांचे ते स्मरण असते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील पश्चिम हॉलंडमध्ये सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली. लोकांनी त्या दिवसांत ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. ज्या फुलांसाठी जग आज तेथे जाते, त्यांच्याच कंदांवर एका पिढीने जीव जगवला, हे वाफ्यांपुढे छायाचित्र काढणाऱ्याला ठाऊक असते असे नाही.

दुसऱ्या दिवशी, ५ मेला, मुक्तिदिन. जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी १९४५ साली ज्या वाखेनिंगन गावात झाली, तेथे ज्योत पेटवून धावपटू ती गावोगाव नेतात. प्रांतोप्रांती गाण्याबजावण्याचे जलसे होतात. अनेक नोकरदारांना त्या दिवशी पगारी सुटी पाच वर्षांतून एकदाच मिळते, ही खास डच काटकसर! आधी शोक आणि मग आनंद, हा क्रम मात्र दरवर्षी अबाधित असतो.

परंतु स्मरण एकदा सुरू झाले की ‘कोणाचे?’ हा प्रश्न टळत नाही. १ जुलै १८६३ रोजी सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांतील गुलामगिरी डच सरकारने रद्द केली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. सुरिनाममध्ये दर गुलामामागे तीनशे गिल्डर. मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांना तेथे आणखी दहा वर्षे मळ्यांवर राबावे लागले. त्यांच्या वंशजांचा सण म्हणजे ‘केती कोती’, म्हणजे तुटलेल्या साखळ्या. २०२३ साली याच दिवशी ॲम्स्टरडॅममध्ये राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या कथेचा दुसरा धागा भारतात येतो. ती दहा वर्षे सरली त्याच साली, १८७३ मध्ये, कलकत्त्याहून निघालेले ‘लल्ला रूख’ हे जहाज ५ जून रोजी सुरिनामला पोहोचले. त्यावर गिरमिटिया मजूर होते. १९१६ पर्यंत असे सुमारे चौतीस हजार लोक तेथे गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडील होते. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांनी नेदरलँड्स गाठले. म्हणूनच द हेग शहरात आज दिवाळीचे दिवे लागतात आणि फाल्गुनात होळीचे रंग उधळले जातात. होळीला ते ‘फागवा’ म्हणतात. १५ ऑगस्टला याच शहरात जपानच्या शरणागतीचे आणि पूर्वेकडील डच वसाहतीत युद्धकाळी मेलेल्यांचे स्मरण होते. भारतीय प्रवाशाने आपल्या ओळखीची तारीख तेथे निराळ्या अर्थाने पाळली जाताना अवश्य पाहावी.

३ ऑक्टोबरचा सण एकट्या लायडनचा. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने या शहराला वेढा घातला होता आणि आत उपासमार माजली होती. तेव्हा बंडखोरांनी समुद्राचे बांध फोडून शेतांत पाणी सोडले आणि त्यावरून सपाट तळाच्या नावा आणल्या. शत्रूने पळ काढला. जन्मभर पाण्याशी झगडणाऱ्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी स्वतः होऊन पाणी घरात घेतले! सुटका करणाऱ्यांनी वाटलेले हेरिंग मासे आणि पांढरी भाकर लायडनकर दरवर्षी आठवणीने खातात. शत्रूच्या छावणीत सापडल्याचे सांगतात ती ‘हुट्सपॉट’ नावाची गाजर-कांद्याची भाजीही रांधतात. पुढच्याच वर्षी तेथे विद्यापीठ स्थापन झाले. हेंड्रिक केर्न या पंडिताने १८६५ पासून तेथेच संस्कृतचे अध्यापन केले.

नोव्हेंबरच्या मध्यास संत निकोलस, म्हणजे ‘सिंटरक्लास’, स्पेनहून आगबोटीने आल्याचा सोहळा होतो. मुले त्याच्या पांढऱ्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. ५ डिसेंबरच्या रात्री घरोघर भेटी दिल्या जातात आणि प्रत्येक भेटीसोबत घेणाऱ्याची गोड थट्टा करणारी कविता असते. या संताचा काळा सेवक पीट एका १८५० च्या बालपुस्तकातून पुढे आला. गोऱ्या माणसांनी तोंडाला काळा रंग फासून त्याचे सोंग घ्यावे, याला कृष्णवर्णीय नागरिकांनी हरकत घेतली. वाद कडू झाला, घराघरांत मतभेद झाले. आज बहुतेक शहरांतील पीटच्या गालांवर धुराड्याच्या काजळीचे चार ओरखडे तेवढे दिसतात. मुलांचा आनंद त्याने कमी झाला नाही.

नाताळानंतर तळलेले ‘ओलिबोलन’ खात वर्ष संपते. प्रवाशाने त्यांची चव जरूर घ्यावी, ट्यूलिपही पाहावेत. मेच्या चौथ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास मात्र तो जेथे असेल तेथे त्याने उभे राहावे. परका म्हणून त्याला कोणी तसे सांगणार नाही. पण उभा राहिला तर त्या दोन मिनिटांत तो पाहुण्याचा शेजारी होईल.