टाचणी, कुऱ्हाड आणि विहीर



साहसकथा लिहायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण खलनायकाची नसते, आई-बापांची असते. मूल एकटं पडल्याशिवाय गोष्ट हलत नाही आणि चांगल्या घरातलं मूल सहसा एकटं पडत नाही. भा. रा. भागवतांनी ही गाठ झटक्यात सोडवली. आई-वडील फुरसुंगीत ठेवले, बनेश फेणेला पुण्याच्या विद्याभवनात घातलं आणि बुडाखाली सायकल दिली. पण हा फास्टर फेणे मुळातच उचापती. घराची ऊब न सोडलेल्या मुलाला बाहेर काढताना लेखकाचा खरा कस लागतो.

जर्मन लेखक एरिश केस्टनर यांनी १९२९ साली असा एक मुलगा बर्लिनच्या आगगाडीत बसवला. एमिलला वडील नाहीत. आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देते आणि त्यावर संसार चालवते. आजीकडे निघालेल्या एमिलच्या खिशात १४० मार्क आहेत आणि त्यांतला एकेक मार्क आईने कसा मिळवला हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो डब्याच्या संडासात जातो आणि नोटांचं पाकीट कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. पुढे डुलकी लागते. जागा होतो तेव्हा खिसा रिकामा, समोरचा प्रवासी गायब.

इथे कुणीही म्हणेल, पोलिसांकडे जा की! पण गावातल्या सरदाराच्या पुतळ्याला एमिलने लाल नाक आणि मिशा रंगवलेल्या आहेत. त्याला वाटतं, पोलीस आधी आपल्यालाच धरतील. मोठ्यांची वाट बंद करायला केस्टनरना एवढा रंग पुरला. शेवटी बँकेत चोर नोटा आपल्याच म्हणून सांगतो, तेव्हा एमिलला टाचणी आठवते. नोटांना भोकं सापडतात. पहिल्या प्रकरणांतली भीतीच शेवटी पुरावा होते. असा सांधा जुळवायला कारागीर लागतो.

नोटेवरून अमेरिकेच्या गॅरी पॉलसन यांची ‘हॅचेट’ आठवते. १९८७ची ही कादंबरी. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून वडिलांकडे निघालेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान कॅनडाच्या जंगलातल्या तळ्यात कोसळतं. शहरी पोराकडे उरते आईने दिलेली कमरेची छोटी कुऱ्हाड. रात्री गुहेत साळिंदर शिरतं, पायात काटे घुसतात. घाबरून फेकलेली कुऱ्हाड खडकावर आदळते आणि ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांचा अर्थ त्याला सकाळी उमगतो. मग सुरू होतो खटाटोप. सुकं गवत पेटत नाही. वीस डॉलरची नोट फाडून तिचा चुरा करतो, तोही पेटत नाही. अखेर भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक धागे ओरबाडून काढतो, फुंकर घालतो आणि जाळ होतो. ही पानं मुलं श्वास रोखून वाचतात, आणि त्यांत एकही खलनायक नाही. ब्रायन चोपन्न दिवस तिथे काढतो.

आपल्याकडे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला कुणी साहसकथा म्हणणार नाही. तरी पोहण्याचं प्रकरण पुन्हा वाचून पाहा. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो आणि जी आई पदराखाली घेते, तीच मारून विहिरीकडे पिटाळते. विहीर गावातलीच, आजूबाजूला माणसं. तरीही काठावरच्या त्या क्षणी श्याम पूर्ण एकटा असतो.

आताच्या मराठी हस्तलिखितांत मात्र तळघरं, टोळ्या, हेलिकॉप्टर भरपूर. पोराला खरचटलं की पोलिसातला मामा हजर! काही लेखक मोबाइलची रेंज घालवून मोकळे होतात, तीही पळवाटच. एमिल पोलिसांकडे का जात नाही याचं कारण त्याच्या स्वतःच्या उपद्व्यापात आहे, टॉवरमध्ये नाही.

तेव्हा इथल्या लेखकांना विनंती : पुढचं हस्तलिखित प्रकाशकाकडे धाडण्याआधी त्यातल्या मामाची एकदा बदली करून पाहा. लांब, गडचिरोलीला.