कढईतलं उरलेलं तेल आणि विमान



आज विमानाबद्दल बोलायचं आहे. हसू नका! २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. तेव्हापासून गटात सहलीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "एकदा विमानात बसूया." हौस असावी. पण विमानात जळतं ते एक प्रकारचं रॉकेलच. माणसांमुळे जगात जेवढा कार्बन वायू हवेत जातो, त्यातला साधारण अडीच टक्के विमानांचा. उडणारे थोडे, पण अवकाळी पाऊस सगळ्यांच्याच शेतात.

आता यात आपला काय संबंध? संबंध कढईचा आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन बनतं. इंडियन ऑइलच्या पानिपतच्या कारखान्याला त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं. आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या विमानांत असं पर्यायी इंधन २०२७ पासून १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिसळायचं, असं सरकारनं ठरवलं आहे. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यालाही तेल लागतं, आणि ते गोळा कुठून करणार? शेव, चकली, फरसाण तळणाऱ्या आपल्यासारख्यांकडूनच.

आपल्याकडे हे तेल दोन ठिकाणी जातं. एक, मोरीत. तिथून गटारात, नाल्यात, आणि मग वालधुनीत नाहीतर उल्हास नदीत. दुसरं, कॅन घेऊन येणाऱ्या माणसाकडे. तो रोख पैसे देतो, म्हणून बरं वाटतं. पण ते तेल एखाद्या गाडीवर पुन्हा तळायला गेलं, तर आपलीच पोरं त्यातला वडा खातात. फेस येणारं, काळं पडलेलं, चिकट झालेलं तेल पोटात जाऊ नये, यासाठीच अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करण्याची योजना आणली. नोंदणी असलेल्या खरेदीदारांची नावं प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत. मोबाइल बघणाऱ्या मुलीला शोधायला सांगा, आणि तेल देताना नोंदणीचा कागद मागा. लाजायचं काय त्यात?

अडचण एकच. एका गटाच्या चार-पाच लिटरसाठी गाडी कोण पाठवणार? दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना हिशोब ठेवण्याचं बंधन आहे, आपण त्यात बसत नाही. म्हणून आमचं म्हणणं, ग्रामसंघात किंवा वस्ती संघात सगळ्या गटांचा मिळून एक पिंप ठेवावा. तेल थंड करून गाळायचं, पाणी जाऊ द्यायचं नाही, गाडीचं काळं ऑइल तर अजिबात मिसळायचं नाही. वहीत गटाचं नाव आणि लिटर लिहायचे, म्हणजे पैशावरून भांडण नको.

आणि सहलीचं म्हणाल तर, इंधन कितीही बदललं तरी रेल्वेची बरोबरी विमानाला येत नाही. कल्याणला लांबच्या गाड्या थांबतात. डबे बांधून घेऊ, रात्रभर गप्पा होतील. विमानात भेंड्या कुठे खेळता येतात!

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की प्रत्येक घाण्यानंतर किती तेल उरलं ते लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत तो आकडा घेऊन या, मग पिंप केवढा आणायचा ते ठरवू.