आपला जहाजबांधणीचा धंदा : अडचणी आणि भवितव्य



आष्ट्याच्या व्यासपीठावर जहाजांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. ज्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, त्या वालचंद हिराचंदांनी आपल्या देशात या धंद्याचा आधुनिक पाया घातला. आणि ते होते सोलापूरचे. समुद्राकाठी राहणाऱ्यांनीच जहाजांचा विचार करावा, ही समजूत त्यांनीच खोटी ठरविली.

आपल्याकडे कसब नव्हते म्हणून हा धंदा मागे राहिला, असे नेहमी सांगण्यात येते. ते खरे नाही. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईत मलबारी सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. पुढे लाकडाची जागा लोखंडाने व शिडाची जागा वाफेने घेतली, तेव्हा यंत्रेही परक्यांची आणि मागणीही परक्यांच्या हाती, अशी स्थिती आली. कारागीर होते, त्यांना काम देणारा उरला नाही.

वालचंदांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून १९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथम सिंदिया ही जहाज कंपनी काढली आणि मागाहून गोदी उभारली. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली; पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले. तरीही १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ समुद्रात उतरली. १९५२ साली गोदीचा कारभार सरकारकडे आला.

मग अडले कोठे? दोन गोद्यांची तुलना करून पाहू. १९७२ साली दक्षिण कोरियात उल्सान येथे ह्युंदाईची गोदी बांधावयास घेतली. ग्रीक मालकाची दोन प्रचंड तेलवाहू जहाजांची मागणी आधीच हाती होती. गोदी आणि जहाज बरोबरच उभी राहिली, आणि १९७४ साली जहाजे तयार झाली. त्याच १९७२ साली आपल्या कोचीन शिपयार्डची स्थापना झाली. तिचे पहिले जहाज ‘राणी पद्मिनी’ बाहेर पडले १९८१ साली! याच कोचीनने २०२२ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आरमारात दिली, म्हणजे बुद्धीची उणीव नव्हती हे उघड आहे.

उणीव होती ती ओळीने मिळणाऱ्या कामाची. पहिले जहाज बांधताना गोदी शिकते, दुसऱ्यात चुका टाळते, तिसऱ्यात वेळ वाचविते. मुंबईच्या माझगाव गोदीला आरमाराने ‘नीलगिरी’ जातीच्या एकामागून एक सहा युद्धनौकांचे काम दिले. पहिली १९७२ साली आरमारात दाखल झाली, सहावी १९८१ साली. त्या पायावर पुढच्या विनाशिका व पाणबुड्या उभ्या राहिल्या. व्यापारी जहाजांच्या नशिबी असे सातत्य आले नाही. सरकारी अनुदान २००७ साली थांबले. नवे धोरण यावयास २०१६ साल उजाडले.

दुसरी अडचण भांडवलाची. आडसाली ऊस लावणाऱ्याला ती समजावून सांगावयास नको. दीड वर्ष पैसा जमिनीत अडकतो, आणि कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. जहाजाचे पीक तर दोन-तीन वर्षांचे. पोलाद आणि इंजिन आधी घ्यावे लागते. २००८ च्या मंदीनंतर जगभर मागणी आटली, तेव्हा रत्नागिरीत गोदी असलेली भारती आणि गुजरातेतील एबीजी या खाजगी कंपन्या पुढे कर्जातच बुडाल्या.

आज चीन, कोरिया आणि जपान मिळून जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक जहाजे बांधतात. आपला वाटा एक टक्काही नाही. उलट आपल्या परदेशी व्यापाराचा वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे ये-जा करतो, तोही बहुतांशी परक्या जहाजांतून. भाडे बाहेर जाते. आणि संकटकाळी परका जहाजमालक प्रथम आपले हित पाहील, हे विसरून चालणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने या धंद्यासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०४७ पर्यंत पहिल्या पाच देशांत बसण्याचा संकल्प आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु पैसा आला म्हणजे धंदा आला असे होत नाही. आपल्या तेल कंपन्यांनी आणि शिपिंग कॉर्पोरेशनने पुढच्या दहा वर्षांची गरज एकत्र मांडून, थोड्याच नमुन्यांची पुष्कळ जहाजे येथेच मागविली पाहिजेत. तसे न झाल्यास अनुदान संपताच गोद्या पुन्हा ओस पडतील.

आणि सांगाडा आपला, पोटातली यंत्रे परक्यांची, यातही समाधान मानता येणार नाही. मोठ्या व्यापारी जहाजांची प्रमुख इंजिने आजही बहुतांशी बाहेरूनच येतात. जहाजाला पंप, झडपा, ओतीव भाग, तारा असे हजारो जिन्नस लागतात, आणि ते समुद्रकाठीच व्हावेत असा नियम नाही. किर्लोस्करवाडीचे पंप आणि कोल्हापूरच्या फाउंड्या आपल्या शेजारी आहेत. आपल्या आयटीआयतून निघणारा वेल्डर उद्या गोदीच्या कसोटीला उतरेल, इतके कडक शिक्षण त्याला आज मिळते काय, हा प्रश्न याच गावात विचारावयाचा आहे.

देशाने ओळीने काम द्यावे आणि आपण कसाला उतरणारा माल द्यावा. हे दोन्ही जुळले तर वालचंदांचे अपुरे काम पुरे होईल.