एक फुंकर, दोन आकडे

हेडफोन घातलेत ना? आज गोष्ट एका फुंकरीची.

माझ्या धाकट्या बहिणीला दमा आहे. मागे मुंबईत तिची एक तपासणी झाली. छोटंसं मशीन, त्याला नळी. एकसारखं, सावकाश फुंकायचं. मला दमा नाही, पण उत्सुकता दांडगी, म्हणून मीही फुंकलं. माझा आकडा आला 20, तिचा 58.

हा आकडा श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचा. 20 म्हणजे सोडलेल्या हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे 20 भाग. श्वासनळ्यांचं अस्तर तो स्वतःच बनवतं आणि ॲलर्जीची सूज असली की जास्त बनवतं. मोठ्या माणसांत 25 च्या खाली असेल तर अशी सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर असेल तर बरीच.

घरी आल्यावर आई म्हणाली, "सुट्टीत महाबळेश्वरला नेऊया तिला. डोंगराची हवा मानवेल, पंपही सुटेल." पंप सुटेल म्हटल्यावर मी जरा घाबरलो आणि वाचायला बसलो.

आईचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं बरं का! इटलीत डोलोमाइट पर्वतांत मिसुरिना नावाचं ठिकाण आहे, 1756 मीटरवर. तिथे राहायला आलेल्या ॲलर्जिक दम्याच्या मुलांचा हा आकडा खाली आला. कारण? तिथल्या थंड, कोरड्या हवेत गादी-उशीतले धुळीचे सूक्ष्म किडे फारसे जगत नाहीत. म्हणजे गुण नुसत्या उंचीचा नाही. आपलं महाबळेश्वर पावसाळ्यात किती ओलं असतं, सांगायला नको.

पण मग प्रश्न येतो, आकड्यातला किती फरक सूज उतरल्याचा आणि किती निव्वळ उंचीचा? हे कळायला माझ्यासारखी निरोगी माणसं लागतात. त्यांना सूजच नाही, त्यामुळे वर गेल्यावर आकडा हलला तर तो सूज उतरल्यामुळे नाही.

आता साधा हिशेब करू. महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 15 टक्के कमी. मशीन दाखवतं तो हवेतला वाटा. समजा, माझ्या श्वासनळ्यांनी वरही तेवढेच रेणू सोडले, तर विरळ हवेत त्यांचा वाटा वाढून 20 चे 23-24 दिसतील. आणि आकडा 20 च राहिला, तर फुंकरीतले रेणू खरं तर 15 टक्क्यांनी घटलेत! म्हणजे 'काही फरक नाही' असं दिसतं, तेव्हाही फरक पडलेला असू शकतो. म्हणून खालचा आणि वरचा आकडा शेजारी ठेवण्याआधी दाबाचा हिशेब करायला हवा.

उंची सोडाच, तपासणीआधी पालक किंवा बीट खाल्लं तरी आकडा चढतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा कमी येतो, पण म्हणून त्यांची फुप्फुसं छान आहेत असं नाही!

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाबा, पंप घेऊन जाऊ." गेलो, स्ट्रॉबेरी खाल्ल्या, पंप रोज ठरल्या वेळी घेतला. पुढची तपासणी पुन्हा मुंबईतच, त्याच मशीनवर. आकडा 41. डॉक्टरांनी औषध चालूच ठेवलंय.

तुमच्या घरात कुणी हवा मानवली म्हणून पंप बंद करायला निघालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला लावा. आणि हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी!