वर्गातील यंत्रे आणि शिकण्याची उमेद



‘तुमच्या मुलांना शिकण्याची इच्छाच नाही,’ हे वाक्य तुम्ही शाळेच्या पायरीवर अनेकदा ऐकले असेल. पूर्वी ते शिक्षक बोलत, गावचे पुढारी बोलत. आता आपल्यातील काही पालकही मान हलवून तेच बोलू लागले आहेत. या रोगावरील औषधही हल्ली ठरून गेलेले आहे. वर्गात पडदा लावा, संगणक आणा, मुलाच्या हाती टॅब्लेट द्या, म्हणजे त्याला गोडी लागेल! या औषधाची परीक्षा आज तुमच्यापुढे करावयाची आहे. मी यंत्राचा शत्रू नाही. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षराला शिवू दिले गेले नाही, त्यांनी ज्ञानाच्या कोणत्याही साधनाला नाक मुरडणे हा शुद्ध वेडेपणा होईल. परंतु साधन कोणाचे आणि कोणासाठी, हे विचारण्याचा हक्क मात्र आपण सोडता कामा नये.

फळा हेही एके काळी शाळेतील नवे साधनच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले. तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील या भीतीने सवर्ण मुले ते उचलण्यास धावली, ही हकीकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या फळ्यात काय उणे होते? काहीही नाही. तो साऱ्या वर्गाला सारखाच दिसत होता. त्याच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र सर्वांना सारखी नव्हती. म्हणून वर्गात कोणतेही यंत्र आले की माझा पहिला प्रश्न हाच असतो, त्याला हात कोण लावतो?

आता इच्छेविषयी. इच्छा बाहेरून विकत आणून मुलाच्या अंगात भरता येते, असा अनेकांचा समज आहे. पडद्यावर उत्तर बरोबर आले की चांदणी चमकते, टाळ्या वाजतात, पदक मिळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास बक्षीसपत्र मिळेल. काहींना ते अवचित दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळी पाहिले, तेव्हा बक्षिसाचा करार करून चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्याला मुळात आवडच नाही त्याच्याविषयी हा प्रयोग काही सांगत नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण ज्या मुलात जिज्ञासा आधीच जागी आहे, तिची मजुरी ठरविण्यात धोका आहे, एवढे त्यातून दिसते.

नुसते यंत्र वाटल्याने काय होते? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने गरीब ग्रामीण शाळांना मोठ्या संख्येने संगणक वाटले. ३१९ शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. संगणक भरपूर पोहोचले आणि वापरलेही गेले. सुमारे १५ महिन्यांनंतर गणित व भाषा यांच्या परीक्षेत मात्र फरक आढळला नाही. आपल्याकडेही शैक्षणिक चित्रफिती तयार करण्यासाठी पुण्यात १९८४ साली स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ साली बंद पडली. यंत्र येते, यंत्र जाते.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. सरकारी शाळांतील इयत्ता ६ वी ते ९ वीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत २०१५-१६ साली एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१९ साली छापला गेला. तेथील संगणक मुलाची इयत्ता पाहत नसे. मुलाला खरोखर काय येते हे आधी तपासून तो तेथूनच सुरुवात करी. सहावीत बसलेले मूल गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होते! ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकापुढे, आणि उरलेला निम्मा वेळ लहान गटात शिकविणाऱ्या माणसापुढे जाई. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोहोंत या मुलांनी इतरांपेक्षा ठळक प्रगती केली. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्यांना ही सोय मिळाली नव्हती, त्यांतील सर्वांत मागे पडलेल्या मुलांची नेहमीच्या वर्गात जवळजवळ काहीच प्रगती झाली नव्हती. ती रोज शाळेत जात होती. शिक्षक मात्र पुस्तकाचे पान गाठण्यासाठी पुढे चालले होते.

अशा मुलाला तुम्ही ‘इच्छा नाही’ म्हणणार काय? ज्या भाषणातील एक वाक्यही समजत नाही ते तुम्ही स्वतः किती दिवस ऐकाल?

घरीही हीच गोष्ट आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या मुलांविषयीचा ‘असर २०२३’ हा अहवाल सांगतो की सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन आहे. परंतु तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे होता, तर मुलींपैकी केवळ १९.८ टक्के जणींकडे. येथे कोणा परक्याकडे बोट दाखविता येणार नाही. डबा उचलून नेणारा हात आपल्याही घरात असू शकतो.

मग करावयाचे काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या २१ व्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अनुदान कसे खर्च होते हे पाहणे तिचेच काम आहे. त्या समितीवर तुम्ही आहात काय? नसाल तर पुढील निवडीच्या वेळी हजर राहा. असाल तर पुढच्या बैठकीत संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. गेल्या महिन्यात ती खोली किती दिवस उघडली, मागच्या बाकावरील मुलीने त्या यंत्राला कितीदा हात लावला, आणि तिला नेमके कुठपर्यंत येते हे कोणी तपासले, तेही विचारा. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ती वाचून पाहिल्याखेरीज सही करू नका.