बर्फाचा टन आणि सभागृहाच्या खिडक्या



या मालेत बहुधा संत, नाटक किंवा इतिहास असे विषय येतात. मी मात्र गारव्यावर बोलणार आहे. मोठ्या शहरांतल्या नामांकित हॉटेलांत आणि थिएटरांत तो कसा आला, हे सांगणार आहे. त्याला कारण आहे. आपल्या नव्या सभागृहाला उघडत्या खिडक्यांऐवजी बंद काचा लावून एसी बसवावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे, आणि तिथे बसणारे आपण बरेच जण साठी ओलांडलेले आहोत.

‘दीड टनाचा एसी’ असे आपण सहज म्हणतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. विजेच्या मापात ते सुमारे साडेतीन किलोवॅट होतात. बर्फ गेला, माप राहिले.

हा बर्फ एके काळी खरोखरच जहाजाने येत असे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ १८३३ साली कलकत्त्याला पाठवला. लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला. १८३४ च्या सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’मध्ये आली. गारवा आला आणि त्याच्या पाठोपाठ तक्रारही! आमच्या जैन घरांत बर्फ वर्ज्य मानणारे वडीलधारे अजून आहेत. ही बातमी ऐकून त्यांना फार समाधान वाटते.

१९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले, तेव्हा तिथे विजेचे पंखे होते. पण खरा भरवसा इमारतीच्या रचनेवर होता. उंच छत, रुंद व्हरांडे, आणि घुमटाखालचा प्रशस्त मोकळा जिना. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हे आपल्या जुन्या गवंड्यांनाही ठाऊक होते. हुबळी-धारवाडच्या माळवदाच्या घरांत छताला झरोका ठेवत, तो उजेडासाठी आणि याचसाठीही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०२ साली, विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी नवी यंत्रणा आखली होती. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. म्हणजे एसीचा पहिला रोगी कागद होता, माणूस नव्हे. हवेतला दमटपणा काढणे हेच त्या यंत्राचे मूळ काम होते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मुंबईत १९३३ साली रिगल थिएटर उघडले ते वातानुकूलितच. १९३८ साली इरॉस आणि मेट्रो आली. थिएटरला खिडकी चालत नाही. शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. हजार प्रेक्षक म्हणजे शंभर किलोवॅट, अर्थात जवळजवळ २८ टनांचे काम नुसत्या माणसांपायी. तिथे यंत्र हवेच होते. पण पुढे ज्यांना खिडकी चालत होती त्या दुकानांनी, बँकांनी आणि कचेऱ्यांनीही थिएटरचीच नक्कल केली. मला ही नक्कल पटत नाही.

बंद इमारतीची दुसरी बाजू फिलाडेल्फियात दिसली. तिथले बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेल १९०४ चे, म्हणजे आपल्या ताजच्या पाठचे भावंड. १९७६ च्या जुलैत तिथे माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि न्यूमोनियासारख्या आजाराने त्यातले २९ जण दगावले. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांना कारणीभूत जिवाणू सापडला. तो पाण्यात वाढतो. संशयाचे बोट वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरकडे गेले. नोव्हेंबरातच हॉटेल बंद पडले होते.

घाबरू नका. आपल्याकडे लावायचे म्हणतात त्या स्प्लिट एसीला असा टॉवर नसतो. त्याचा दोष वेगळा आहे. तो बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करून देतो. दीडशे माणसे दोन तास बंद सभागृहात बसली, तर हवा कोंदट होते, डोके जड होते, आणि एकाच्या खोकल्याचा प्रसाद सगळ्यांना मिळतो. व्याख्यानात डुलकी लागली तर दोष नेहमी वक्त्याचाच नसतो.

आता दमटपणाचे. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. मुंबईत तो वाळत नाही, म्हणून तिथे यंत्राची गरज मोठी. आपले नवनगर पठारावर आहे. मार्च-एप्रिलची दुपार कोरडी असते, संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. अशा हवेत वाळ्याच्या ओल्या पडद्यानेही काम होते. पावसाळ्यात मात्र नाही. वय झाले की तहान कमी लागते, घामही कमी येतो, म्हणून एसी नकोच असे मी म्हणणार नाही. मे महिन्यातल्या दुपारच्या सभेला तो असावा. पण खिडक्या उघडत्या हव्यात, भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारे पंखे हवेत, आणि स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना हवा.

आणि टनांचा हिशेब ठेकेदाराकडून लेखी मागा. दीडशे माणसांचेच सव्वाचार टन होतात. छताचे आणि काचांचे त्यावर वेगळे. तो कागद हातात येईपर्यंत खिडक्यांच्या चौकटी बसवू नका, एवढा निरोप उद्या कोणीतरी गवंड्याला द्यावा.