निवेदन आणि आसूड



युक्तिवादाचं लेखन आणि मन वळवणारं लेखन यांतला फरक शाळेत निबंधाच्या तासाला सांगतात तो असा : पहिलं बुद्धीशी बोलतं, दुसरं भावनेशी. ही वाटणी मला पटत नाही. ती किती तोकडी आहे हे पाहायला मराठीत एक नामी जोडी आहे. लेखक एकच, विषयही बराचसा एकच, आणि मध्ये अंतर जेमतेम नऊ महिन्यांचं. जोतीराव फुले यांनी १८८२च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन, आणि १८८३च्या जुलैत लिहून झालेला ‘शेतकऱ्याचा आसूड’.

निवेदन इंग्रजीत आहे. जोतीराव आधी आपला अधिकार सांगतात : मुलींची शाळा काढली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली, काही वर्षं स्वतः शिकवलं. मग मुद्दा येतो. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. यावर सरकारपक्षाचं उत्तर ठरलेलं होतं. वरच्यांना शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपेल. जोतीराव या उत्तराला बगल देत नाहीत. ते विचारतात, शिकून मोठ्या झालेल्या या मंडळींनी आपल्या घरी किंवा इतरत्र अडाणी देशबांधवांसाठी वर्ग काढले का?

हा प्रश्न नीट पाहा. याला उत्तर देता येतं. ‘काढले, अमक्या गावी, तमक्या वाड्यात’ असं कुणी दाखवून दिलं असतं, तर जोतीरावांची बाजू तेवढी लंगडी पडली असती. युक्तिवादाची खूण मला इथे दिसते : आपण कुठे खोटे पडू शकतो ती जागा लेखक स्वतःच उघडी ठेवतो. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, मांडल्याशिवाय सिद्धांताकडे वळायचं नाही हा आपल्या शास्त्रकारांचा दंडक याचसाठी होता. (पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा उभा करून मग तो लोळवण्याची परंपराही आपल्याकडे काही लहान नाही. सध्याचे अग्रलेख वाचणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको.)

मागण्याही नेमक्या आहेत. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. मोडी आणि बालबोध लिहायला-वाचायला शिकवा, हिशेब शिकवा, शेतीची प्राथमिक माहिती द्या. शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको. आणि हा शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. आता, शिक्षक कोणत्या वर्गातला हवा हे सांगायला रुमण्याची गरज नव्हती. पण रुमणा आला आणि तो शिक्षक डोळ्यांपुढे उभा राहिला. साहेबाच्या आयोगापुढेही जोतीराव मन वळवायचं काम सोडत नाहीत, ते हे असं.

‘आसूड’ उघडला की सगळा नूरच पालटतो. हे पुस्तक मराठीत आहे, आणि ते ठिकठिकाणी वाचून दाखवलेलं आहे. जुन्नर, ओतूर, हडपसर इथल्या लोकांनी ते कानांनी ऐकलं. कर, फंड, सरकारी खाती, कर्ज, कोर्टकचेऱ्या यांचा हिशेब इथेही आहे, म्हणून त्याला नुसती भावना म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्यातला शेतकरी आपल्याला त्याच्या घरात नेतो. भिंती, गोठा, चूल, भांडीकुंडी आपण जवळून पाहतो आणि कर्जापायी त्याचं स्वतःशीच चाललेलं बोलणं ऐकतो. त्या घरात आक्षेप घ्यायला कुणी येत नाही. भटकामगार, म्हणजे ब्राह्मण अंमलदार, आणि गोरे अधिकारी इथे आरोपी आहेत. त्यांना वकील दिलेला नाही.

हा मी दोष मानत नाही. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्याचं दारिद्र्य पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, ते त्याच्या अंगावरच होतं. हे दैवानं आलेलं नाही, याला कारणं आहेत आणि ती माणसांनी केलेली आहेत, एवढं त्याच्या मनात उतरवायचं होतं. तिथे पूर्वपक्ष मांडत बसलं असतं, तर शतकानुशतकं ऐकलेली प्रतिपक्षाची बाजूच त्याला आणखी एकदा ऐकवल्यासारखं झालं असतं. आयोगाचे सभासद मात्र दुसऱ्या बाजूचेच होते. त्यांच्यापुढे ती बाजू टाळून चालणार नव्हतं. तेव्हा लेखन कोणत्या जातीचं हे ठरतं ते विरोधकाला पानावर कुठे बसवलं आहे त्यावरून, आणि त्याला कुठे बसवायचं हे ठरतं समोर कोण आहे त्यावरून. डोळ्यांत पाणी आलं की नाही, ही गोष्ट त्यात गौण आहे.

पुढे काय झालं? आयोगानं साक्ष नोंदवून घेतली, पण सक्तीची शिफारस केली नाही. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनं झाला तो १९१८ साली. आणि ‘आसूड’? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ या पत्रात त्याची सुरुवातीची प्रकरणं आली. लोखंडे तर जोतीरावांच्याच चळवळीतले; पण पुढचं छापायला तेही कचरले, आणि जोतीराव त्यांच्यावर उखडले.